श्वास मोजायला शिका: खान्देशातल्या घरासाठी सर्दी-खोकल्याचं वर्ष

जानेवारीतली रात्र होती. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. कुणाच्या तरी मळ्यात भरीताची पंगत चाललेली, पऱ्हाट्यांचा धूर पार रस्त्यावर उतरलेला. साडेनऊच्या सुमारास एक आजी नातवाला घेऊन उपकेंद्राच्या ओट्यावर आल्या. बाळ आठ महिन्यांचं. डोक्याला टोपडं, अंगात दोन स्वेटर, वरून गोधडी. आजी निवांत होत्या. म्हणाल्या, "तीन दिन खूप खोकलना. आते खोकला कमी व्हयना, निजेल शे." म्हणजे तीन दिवस खूप खोकला, आता खोकला कमी झालाय, झोपलाय. बाटलीभर औषध मिळालं की परत जायच्या तयारीत.

मी गोधडी सोडली, स्वेटर वर केले आणि घड्याळ लावून बसले. एका मिनिटात अडुसष्ट श्वास. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात होता. खोकला कमी झाला होता, कारण खोकायची ताकदच उरली नव्हती. बाळ निजलेलं नव्हतं, गळून गेलं होतं. १०८ ची गाडी बोलावली, जळगावला ऑक्सिजन लागला, आठवड्याने बाळ घरी आलं. त्या आजी काही अडाणी नव्हत्या. पाच लेकरं वाढवलेली बाई. त्यांनी खोकला ऐकला, कारण खोकला ऐकू येतो. श्वास बघावा लागतो, आणि तो कसा बघायचा हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

आरोग्यसेविका म्हणून सत्तावीस वर्षं गावोगाव फिरले. त्यातून सांगते, दहातल्या आठ-नऊ सर्द्यांना तुमच्याकडून फारसं काहीच नको असतं. उरलेल्या एखाद्या वेळी मात्र त्याच रात्री निघावं लागतं. ती रात्र ओळखता यावी म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आपल्याकडे वर्ष कसं फिरतं

जून उजाडतो, शाळा उघडतात, पाऊस लागतो. फ्लूचा पहिला जोर याच दिवसांत, ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत. आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा वर येतो, एकदा पावसाळ्यात आणि दुसऱ्यांदा जानेवारी ते मार्चमध्ये. पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद, ओले कपडे घरातच वाळत टाकलेले, भिंतींना ओल. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा सुरत, नाशिक, पुण्याहून सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, रात्र जागवते, एका ताटात रोट खाते. मला कानबाई फार आवडते, तरी सांगते, त्यानंतरच्या आठवड्यात तापाचे पेशंट वाढलेले मी दरवर्षी पाहिले. आपल्याला ताप-खोकला असेल तर त्या वर्षी लांबून हात जोडावेत. कानबाई रागावत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी होते. कापूस वेचणी, मका-ज्वारीची मळणी, जिनिंगचं काम, दिवाळीचे फटाके. ज्यांना दमा आहे त्यांची परीक्षा याच दोन महिन्यांत. मग थंडी. तापीकाठी पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो आणि धूर-धूळ वर न जाता जमिनीलगतच साचून राहते. डिसेंबर ते फेब्रुवारी हे तान्ह्या बाळांसाठी सगळ्यात जोखमीचे महिने. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा विषाणूंचा जोर ओसरतो, पण धूळ, लग्नांची गर्दी आणि गेल्या वर्षीचं गवत न बदललेला कूलर, हे तिन्ही नाक चोंदवायला पुरेसे असतात. कूलर बाहेर काढला की आधी गवत बदला, टाकी घासा, आणि मगच बटण दाबा.

थंडीने सर्दी होते असं आपण म्हणतो. सर्दी होते विषाणूने. थंडीत माणसं एका खोलीत, बंद दाराआड, धुराजवळ बसतात म्हणून तो एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. नुसती कानटोपी घालून काम भागत नाही, ते यामुळेच. टोपी घाला, पण खिडकीही उघडा.

कोणता आजार कसा दिसतो

साधी सर्दी हळूहळू येते. आधी घसा खवखवतो, मग नाक वाहतं, बारीक ताप येतो किंवा येतही नाही. लेकरू कुरकुरतं, पण खेळतं. सात ते दहा दिवसांत बरं होतं, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा झाला की लोक अँटिबायोटिक मागायला येतात. सर्दी उतरताना तसा रंग येतोच. रंगावरून अँटिबायोटिक ठरत नाही.

फ्लू हळू येत नाही. पेशंट वेळ सांगू शकतो: "दुपारी निंदणी करत होतो, चारला थंडी वाजली." एकदम ताप, अंग मोडून येणं, डोकं, सुका खोकला, आणि माणूस खाटेला लागतो. धडधाकट माणूस आठवडाभरात उठतो. गरोदर बाई, पाचच्या आतलं मूल आणि त्यातही दोनच्या आतलं, पासष्टच्या पुढची माणसं, मधुमेह, हृदय, किडनी किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले, यांनी मात्र दोन दिवस अंगावर काढू नयेत. फ्लूवर ओसेल्टामिविर नावाचं औषध आहे, ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. डॉक्टर ठरवतील. तुम्ही लवकर पोचलात तरच त्यांना ते ठरवता येतं.

तान्ह्या बाळांत आणखी एक आजार दिसतो, ब्राँकिओलायटिस. बहुधा आरएसव्ही नावाच्या विषाणूने होतो, दोन वर्षांच्या आतल्या मुलांना, जास्त करून थंडीत. सुरुवात साध्या सर्दीची. मग छातीतून शिट्टीसारखा आवाज, श्वास जोरात, दूध ओढताना दम लागतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात वाईट वाटतं आणि मग उतरतं. म्हणून पहिल्या दिवशी डॉक्टरांनी "ठीक आहे" म्हटलं तरी चौथ्या दिवशी पुन्हा बघायचं असतं. सहा महिन्यांच्या आतलं किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ असेल तर अधिकच. यात बहुतेक वेळा अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. लागलाच तर ऑक्सिजन लागतो आणि दूध पोटात जात राहायला हवं.

एखादं मूल रात्री अचानक उठतं आणि कुत्रं भुंकावं तसं खोकतं, आवाज घोगरा. हा घशाच्या खालच्या भागाला आलेल्या सुजेचा खोकला. मूल रडलं की जास्त होतो, म्हणून कडेवर घेऊन शांत करा. शांत बसलेलं असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येत असेल तर उजाडायची वाट बघू नका.

दमा पुन्हा पुन्हा येतो. रात्री आणि पहाटे जास्त, धूळ, धूर, थंड हवा किंवा धावणं झालं की. घरात आई-बापाला दमा, पित्त उठणं, सतत शिंका असा त्रास असेल तर संशय घ्या. "दर थंडीत याची छाती भरते" असं तुम्ही तिसऱ्या वर्षीही म्हणत असाल, तर ती दरवेळची नवी सर्दी नसावी.

न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसातच संसर्ग. ताप, खोकला, आणि जोरात चालणारा श्वास. जुनी माणसं म्हणतात, "पोऱ्याले दम लागस." ते अगदी बरोबर बघतात, फक्त उपाय चुकतो. म्हाताऱ्या माणसांत न्यूमोनिया फसवतो. ताप नसतो, खोकलाही थोडाच. आप्पा कालपर्यंत बरे होते, आज बडबडतात, जेवत नाहीत, उठता येत नाही. असा अचानक बदल दिसला की छाती तपासून घ्या.

आणि दोन आठवडे सलग खोकला असेल, वजन उतरत असेल, संध्याकाळचा ताप येत असेल, थुंकीत रक्त दिसलं असेल, तर तो हंगामी आहे म्हणून सोडू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, क्षयरोगाची औषधं मोफत मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत पेशंटच्या खात्यावर महिन्याला १००० रुपये येतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते). घरात कुणाला क्षय निघाला तर लहान मुलांची तपासणी आणि प्रतिबंधक गोळ्या यांबद्दल स्वतःहून विचारा.

श्वास कसा मोजायचा

१. बाळ शांत हवं. झोपलेलं असेल तर उत्तम. रडताना, दूध पिताना मोजू नका, आकडा खोटा येतो.

२. छाती आणि पोट उघडं करा. स्वेटरवरून दिसत नाही. मिनिटभर उघडं राहिल्याने बाळ आजारी पडत नाही, पण दार लावून घ्या.

३. मोबाइलवर एक मिनिटाचा गजर लावा. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय मोठ्यांसाठी ठीक आहे. लहान बाळांचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच पळतो, तिथे ती फसवते.

४. पोट वर आलं आणि खाली गेलं की एक. दिवा नीट हवा. हात लावून मोजलंत तर बाळ दचकतं, म्हणून नजरेनेच.

५. आकडा जास्त आला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा.

हे आकडे पाठ करा, किंवा पंख्याच्या बटणांशेजारी लिहून ठेवा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर तो जोरात चाललेला श्वास. आशाताई आणि डॉक्टर हेच आकडे वापरतात. मोठ्या माणसाचा आराम करताना मिनिटाला पंचवीसच्या पुढे गेला तर दाखवा, तीस झाला तर लगेच हलवा.

तापानेही श्वास वाढतो. बाळ एरवी बरं दिसत असेल तर तापाचं औषध देऊन, ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. पण छाती आत ओढली जात असेल तर ताप उतरायची वाट बघू नका.

छाती आत ओढली जाणं म्हणजे काय? एरवी श्वास घेताना छाती-पोट दोन्ही बाहेर येतात. दम लागलेल्या बाळात पोट बाहेर येतं आणि त्याच वेळी बरगड्यांची खालची कड आत जाते. एकदा बघितलं की विसरत नाही. नाकपुड्या फुलणं आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज ही त्याचीच भावंडं.

करोनाच्या वेळी घेतलेलं बोटाचं ऑक्सिमीटर पुष्कळांच्या कपाटात पडून आहे. सेल बदलून ठेवा. मोठ्यांसाठी उपयोगी आहे. हात गार असेल तर चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा, मेंदी नसलेलं बोट निवडा, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्या. ९४ च्या खाली दाखवत राहिलं तर डॉक्टर, ९० च्या खाली तर थेट मोठा दवाखाना. तान्ह्या बाळाच्या बोटावर मोठ्यांचं यंत्र नीट बसत नाही, तिथे डोळे आणि घड्याळ बरे.

या गोष्टी दिसल्या तर रात्र काढायची नाही

बाळ दूध ओढत नाही किंवा काहीच पीत नाही. घेतलेलं सगळं ओकतं. झटका आला. उठवलं तरी नीट जागं होत नाही, मान टाकतं. ओठ, जीभ निळसर किंवा करडी दिसते. छाती आत ओढली जाते. मोठ्या माणसाला एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, छातीत दुखतं, बरळतो. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल, तर बाकी काही दिसत नसलं तरी दाखवायचंच. तान्हं बाळ एकदम गार पडलं तर तेही तितकंच वाईट लक्षण.

१०८ लावा. गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर १०२ ही आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर गाडी दारापर्यंत येत नाही हे मला माहीत आहे. झोळीत घालून खाली उतरणारी माणसं मी पाहिली आहेत. म्हणून तिकडच्यांना एकच सांगते, तुमचा निर्णय आमच्यापेक्षा चार तास आधी व्हायला हवा. दुपारी श्वास जोरात वाटला तर दुपारीच निघा. वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून शाल. डोकं थोडं उंच. ओढत असेल तर पाजत राहा, ओढत नसेल तर जबरदस्तीने चमच्याने काही घालू नका, ठसका लागतो.

घरी करायचं ते

बहुतेक वेळा तुम्ही घरीच असणार, म्हणून याला वेळ देते.

ताप थर्मामीटरने मोजा. कपाळाला हात लावून "फणफणलंय" म्हणणं पुरेसं नाही. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, वयावर किंवा चमच्यावर नाही. एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. आता घोटाळा कुठे होतो बघा. बाजारात एका बाटलीवर "५ मिलीमध्ये १२०" लिहिलेलं असतं, दुसरीवर "५ मिलीमध्ये २५०", आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलीतच १०० असू शकतं. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागतात. पहिल्या बाटलीतून ते साधारण ६ मिली, दुसरीतून ३ मिली, थेंबांतून दीड मिली. शेजारणीने सांगितलेला "एक टोपण" कोणत्या बाटलीचा, हे तिलाही माहीत नसतं. औषधासोबत येणाऱ्या मापानेच द्या. सर्दीच्या काही मिश्रणांतही पॅरासिटामॉल असतं, दोन बाटल्या एकत्र दिल्या की डोस दुप्पट होतो. ॲस्पिरिन मुलांना नको.

नाक चोंदलं की बाळ दूध सोडतं, कारण तोंडाने श्वास आणि तोंडानेच दूध दोन्ही जमत नाही. मेडिकलमध्ये साध्या मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब मिळतात, स्वस्त असतात. पाजायच्या आधी प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब, मग मऊ कापडाने पुसून घ्यायचं. नाकात तेल मात्र सोडू नका. ते घसरत फुप्फुसात जातं आणि तिथे त्याचाच न्यूमोनिया होऊ शकतो.

वर्षाच्या पुढच्या मुलाला खोकल्यासाठी झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध बरा पडतो. वर्षाच्या आत मधाचं बोटही चाटवू नका. जन्मल्यावर मध चाटवायची रीत घरोघरी आहे, पण मधातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला अंग लुळं पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. हळदीचं दूध, आलं-तुळशीचा काढा मोठ्यांनी खुशाल घ्यावा. घशाला बरं वाटतं, एवढंच त्याचं काम.

कफ सिरप हा माझ्या रागाचा विषय. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे लहान मुलं दगावली. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, मुलांच्या किडन्या गेल्या. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाचच्या आत सहसा नकोतच. विष निघालं नसतं तरी लहान मुलाच्या साध्या खोकल्यावर त्या बाटलीचा फारसा उपयोग नव्हता. खोकला छातीतला कफ वर आणतो. त्याला झोपवून ठेवल्याने आई-बाप झोपतात, कफ तिथेच राहतो.

वाफेबद्दल सांगते. मोठ्या माणसाने सांभाळून घ्यावी. मुलांना नको. उकळत्या पाण्याचं पातेलं, वर चादर, आत घाबरलेलं मूल, आणि त्यातून भाजलेल्या मांड्या मी धुतल्या आहेत. कापराची पुडी गळ्यात बांधू नका. मूल ती तोंडात घालतं आणि कापूर पोटात गेला की झटके येतात. बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची, लसणाच्या सालींची धुरी देतात. आपल्या म्हाताऱ्यांचा फार जीव त्यात, पण धूर तो धूरच, आणि त्या खोलीतली सगळ्यात छोटी फुप्फुसं त्या बाळाची असतात. पोटावर, छातीवर तापल्या लोखंडाचे चटके द्यायची रीत काही भागांत अजून आहे. त्याने श्वास सुटत नाही, जखम चिघळते आणि दवाखान्यात जायचे दोन दिवस वाया जातात. भगताकडे जायचं असेल तर जा, मी कधी कुणाशी त्यावरून भांडले नाही. फक्त गाडी दवाखान्याकडून वळवून मग जा, आणि चटका देऊ देऊ नका.

"ताई, एक सुई मारा" आणि "सलाईन लावा" हे मी किती वेळा ऐकलं असेल. विषाणूच्या सर्दीला सुई नाही. गेल्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही नकोत. डॉक्टरांनी न्यूमोनियासाठी अँटिबायोटिक दिलं तर मात्र सांगितलेले सगळे दिवस द्या, तिसऱ्या दिवशी मूल हसलं म्हणून थांबू नका.

खाण्याचं म्हणाल तर जे पोटात जाईल ते. मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली दादर ज्वारीची भाकरी, वरणाचं पाणी, थोडं थोडं पण वारंवार. आणि केळी! यावल-रावेरच्या बागा दाराशी, आणि लेकराला सर्दी झाली की पहिली बंदी केळीवर. केळीने सर्दी होत नाही. मऊ असते, पोटभर असते, घसा दुखत असताना गिळता येते. आजीला पटत नसेल तर रात्री नका देऊ, दुपारी द्या. घरात शांतता राहील.

धूर, झोपायची जागा, हात

प्रतिबंधात मी पहिला नंबर धुराला देते. पऱ्हाट्या, तुराट्या फुकट मिळतात म्हणून गॅस असूनही चूल पेटते, हे मला समजतं. सिलिंडरचे पैसे माझ्याही घरी मोजावे लागतात. मग निदान एवढं करा: चूल उघड्या ओट्यावर किंवा पडवीत घ्या, सरपण वाळलेलं वापरा, आणि स्वयंपाक होईपर्यंत बाळ कडेवर ठेवू नका. आजीजवळ, दुसऱ्या खोलीत. पाण्याचा बंब न्हाणीच्या आत नको, अंगणात. बिडी घराबाहेर, आणि ओढून आल्यावर लगेच बाळ घेऊ नये. डासांची कॉइल बंद खोलीत रात्रभर जळते, त्यापेक्षा मच्छरदाणी बरी. आणि कडाक्याच्या थंडीत शेगडी किंवा घमेल्यातले निखारे आत घेऊन दार लावून झोपू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

खोकणारा माणूस खिडकीपाशी झोपेल, तान्हं बाळ त्याच्यापासून सगळ्यात लांब. एकच खोली असेल तर डोकी विरुद्ध दिशांना करा. दिवसा दोन समोरासमोरची दारं-खिडक्या तासभर तरी उघडी. गोधड्या उन्हात टाका, ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

शेंबूड पदराने पुसायचा आणि त्याच पदराने ताट पुसायचं, हे आपण सगळ्याजणी करतो. वेगळं फडकं कमरेला खोचा. बाळाला घेण्याआधी साबणाने वीस सेकंद हात धुवायचे, पाहुण्यांनीसुद्धा. सर्दी असलेल्या मावशीला "पापे घेऊ नका" म्हणणं अवघड जातं. आशाताईंनी सांगितलंय म्हणा, आमच्यावर ढकला. ताप असलेल्या मुलाला शाळेत पाठवू नका, औषधाशिवाय पूर्ण दिवस ताप नसला की मग.

मळणी, कापूस भरणं, जिनिंगचं काम असेल तर नाकातोंडावर नीट बसणारा मास्क. रुमाल बांधल्याने जाड धूळ अडते, बारीक नाही. घरी आल्यावर आधी कपडे बदला, मग लेकराला घ्या.

दम्याच्या पेशंटना एकच सांगणं. पंपाची सवय लागत नाही, दमा राहतो म्हणून पंप लागतो. लहान मुलाला स्पेसर (पंपाला जोडायची नळी) आणि मास्क लावून द्या, नाहीतर औषध घशातच बसतं. रोजचा पंप बरं वाटलं म्हणून दिवाळीच्या तोंडावर बंद करणारे नेमके दिवाळीतच भरती होतात. त्या पंपानंतर चूळ भरा. आणि दम लागला तर कोणता पंप किती वेळा घ्यायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

लसी

बाळाच्या कार्डावर पेंटाव्हॅलंट म्हणजे पाच आजारांवरची एकच लस ६, १० आणि १४ आठवड्यांना, न्यूमोकोकल म्हणजे पीसीव्ही ६ आणि १४ आठवड्यांना व ९ महिन्यांना, गोवर-रुबेला ९ महिन्यांना आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत. यांतली प्रत्येक लस कुठल्या ना कुठल्या वाटेने न्यूमोनिया टाळते. गोवरानंतरचा न्यूमोनिया फार वाईट असतो. सगळ्या सरकारी केंद्रात मोफत. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही.

फ्लूची लस नेहमीच्या मोफत यादीत नाही, पण घरात गरोदर बाई, म्हातारं माणूस, मधुमेही, दमेकरी असेल तर डॉक्टरांना विचारा. दरवर्षी घ्यावी लागते, पाऊस लागायच्या आधी घेतलेली बरी, कारण अंगात ताकद यायला दोन आठवडे जातात. मुलांना सहा महिन्यांनंतर देता येते, पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस.

दिवाळीनंतर ऊसतोडीला, सुरतकडे निघणाऱ्यांनी लसीचं कार्ड पिशवीत वर ठेवा. पुढचा डोस गुजरातमधल्या सरकारी केंद्रातही मिळतो. कार्ड घरी राहिलं तर फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.

दवाखान्यात काय सांगायचं

"तीन दिवस झाले बरं नाही" यातून डॉक्टरला फार कळत नाही. बाळाचं वय, वजन, ताप कधीपासून आणि किती, मिनिटाला श्वास किती मोजला, लघवी शेवटची कधी झाली, दिलेल्या औषधाची बाटली बरोबर. एवढं सांगितलं की आत घ्यायला वेळ लागत नाही.

आज रात्री घरातलं लेकरू निजलं की त्याचा श्वास एकदा मोजून बघा. बरं असतानाच. पहिल्या वेळी गोंधळ होईल, पस्तीसनंतर आकडा चुकेल, पुन्हा मोजा. जो येईल तो कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहा. थंडीत कधी शंका आली तर ताडून बघायला तोच आकडा हाताशी असेल.